ओसाड म्हणायचं नाही

पर्यावरण शिकवणाऱ्या बाईंनीच वृक्षारोपण अडवलं, ही गोष्ट आमच्या विद्यापीठाच्या आवारात अजून विनोद म्हणून सांगतात. सांगणारा शेवटी हसतो, ऐकणाराही हसतो. मला हसू येत नाही. त्या वेळी झाडं लावा म्हणणाऱ्यांचा जो अर्ज गेला होता, त्यावर पहिली सही माझी होती. आणि बाईंच्या वर्गात त्या एका वर्षात मी जेवढं शिकले, तेवढं पुढे कुठेच शिकले नाही.

बाईंचं नाव मी लिहीत नाही. पहिल्या दिवशी वर्गात कुणीतरी 'मॅडम' म्हणालं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम तिकडे ऑफिसात बसतात. मी बाई." पन्नाशी ओलांडलेली, अंगानं किडकिडीत. सुती साडी घोट्याच्या चार बोटं वर नेसलेली आणि खाली काळे गमबूट. हे गमबूट नुसते पावसाळ्यापुरते नव्हते, बारा महिने असायचे. हातात पुरुषांची मोठी छत्री, तीही बारा महिने. "आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन. छत्री घरी ठेवायची तरी कधी?" असं त्या विचारत. गमबुटांचं कारण मात्र एकाच शब्दात दिलं होतं, "फुरसं." त्यानंतर आठवडाभर आम्ही सगळ्या मुली त्या विषारी सापाच्या धाकानं जमिनीकडे बघत चालत होतो.

बाई तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे दर वर्षी जूनमध्ये नव्यानं विचारणा व्हायची आणि मग त्या एसटीनं येऊ लागायच्या. विषय पर्यावरण. तो सगळ्यांना सक्तीचा, आणि सक्तीचा म्हणूनच कुणाच्या खिजगणतीत नसलेला. त्याची प्रकल्पवही एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे वारशानं जाई. पहिल्या पानावर दोन हातांत धरलेली पृथ्वी आणि आत वर्तमानपत्रातली कात्रणं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "कात्रण दिसलं की वही परत. उत्तरं मला पाठ आहेत. तुम्ही काय बघितलंत ते सांगा."

वर्गात आल्या की त्या आधी पंखा बंद करत. रत्नागिरीचा ऑक्टोबर, घामानं वही हाताला चिकटतेय, आणि बाई पंखा बंद करतायत. आम्हाला वाटलं, वीज वाचवायची असेल. "छे, वीज कसली," त्या म्हणाल्या. "ह्याच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नाही." मग सगळ्यांनी दोन मिनिटं गप्प बसायचं आणि काय ऐकलं ते एकेकानं सांगायचं. सुरुवातीला आम्ही 'काही नाही' म्हणायचो. दिवाळीपर्यंत खिडकीबाहेरचा कोतवाल पक्षी कुणाची नक्कल करतोय यावर आमच्यात वाद व्हायला लागले होते.

त्यांचं लहानपण अलोऱ्याच्या कॉलनीत गेलं. वडील डोंगराच्या पोटात, वीज तयार होते तिथे, पाळीवर कामाला. "अप्पा सकाळी डोंगरात शिरत आणि संध्याकाळी डोंगरातनं बाहेर येत. मला वाटायचं सगळ्यांचे वडील असेच डोंगरात जातात." शाळेतली त्यांची एक मैत्रीण लांबच्या वाडीवरून चालत येई. तिच्या घरी रॉकेलची चिमणी. ती एकदा बाईंच्या घरी मुक्कामाला आली आणि भिंतीवरचं दिव्याचं बटण खाली-वर, खाली-वर करत बसली. "आई तिच्यावर ओरडली. ती बिचारी कोपऱ्यात जाऊन बसली. तेव्हापासून मला बटणाची लाज वाटत्ये," बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. अशा गोष्टीनंतर आम्ही वाट बघायचो की आता ह्या काहीतरी बोध सांगतील. त्यांनी तो कधी सांगितला नाही.

मेसमधली त्यांची गोष्ट तर अख्ख्या वसतिगृहाला माहीत होती. मेसमध्ये उष्टं फार पडायचं. बाईंच्या आधीच्या सरांनी भिंतीवर 'अन्न हे पूर्णब्रह्म' असा फलक लावला होता. फलकाखालीच उष्ट्याचा पिंप होता आणि तो रोज भरायचा. बाई महिनाभर दुपारी त्या पिंपाशेजारी स्टूल टाकून बसल्या. मांडीवर वही. ताट रिकामं करायला येणाऱ्या प्रत्येकीला विचारायचं, "का टाकलंस?" आवाजात राग नाही, डॉक्टर विचारतात तसं. आम्ही घाबरत उत्तर द्यायचो आणि त्या लिहून घ्यायच्या. फोन आला. मीठ जास्त होतं. भूक नव्हती पण मैत्रिणींबरोबर बसले. चपाती कच्ची.

महिना संपल्यावर त्या वही घेऊन मेसच्या काकींकडे गेल्या. काकींनी कमरेवर हात ठेवले. "बाई, पोरी माजल्यात. आमच्या वेळंला असं ताटात टाकलं असतं तर आयशीनं हात मोडला असता."

"काकी, माजल्या नाहीत. चपाती कच्ची राहत्ये. बघा, सगळ्यात जास्त वेळा तेच लिहिलंय."

काकी वहीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तवा एकच हाय वो. दीडशे पोरी आन् एक तवा. भाजायची कदी?"

बाईंनी दुसऱ्या दिवसापासून आणखी एका तव्यासाठी ऑफिसात खेटे घालायला सुरुवात केली. तवा आला, चपात्या भाजल्या जाऊ लागल्या आणि पिंप अर्धाच भरू लागला. फलक कुणीही वाचला नव्हता, तो तसाच राहिला.

आमच्या प्रकल्पांचंही तसंच. एप्रिलमध्ये त्यांनी मला आणि माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला विषय दिला, 'आपल्या बादलीतलं पाणी'. ते कुठून येतं हे पायी जाऊन बघायचं. उन्हाळ्यात वसतिगृहात टँकर यायचा. टँकरवाल्याला विचारलं तर त्यानं खालच्या वाडीकडे हात केला. आम्ही उन्हातनं पायवाटेनं उतरलो. जांभ्या दगडानं बांधलेली विहीर, आणि काठावर दोन हंडे शेजारी ठेवून बसलेली एक बाई.

"काय गो, कुनाकडं आलाव?" तिनं विचारलं.

"पाणी कुठनं येतं ते बघायला."

ती हसली. "बगा की. तळ दिसतोय तो बगा. तुमचा टँकर गेला का आमी हितं बसायचं. पानी वर येतं हळूहळू. मग भरायचं." हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. उलट हंड्यातलं तांब्याभर पाणी आमच्यापुढे केलं. "उन्हातनं आलाव. प्या."

मी प्रकल्पवहीत दोन पानं भरून लिहिलं. चांगलं लिहिलं होतं असं मला वाटत होतं. बाईंनी वही परत दिली. गुण दिलेच नव्हते, खाली लाल शाईत नुसतं विचारलं होतं, 'त्या बाईंचं नाव काय?' मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ती उतरण उतरून गेले. सुगंधा. नाव सांगताना ती एवढी लाजली की पदर तोंडाला लावला. परत आल्यावर मी खोल्याखोल्यांतून फिरले आणि पाऊस लागेपर्यंत आमच्या मजल्यानं आंघोळीला एकच बादली घ्यायचं ठरवलं. काही जणींनी पाळलं, काही जणींनी मला शिव्या दिल्या. पण टँकरच्या खेपा कमी झाल्या हे खरं.

माझी आणि बाईंची खरी ओळख मात्र ह्या आधीची, जुलैतली. वसतिगृहाच्या मागून थेट गेटापर्यंत सडा होता. सडा म्हणजे कातळाचं पसरलेलं पठार. झाड नाही, झुडूप नाही, उन्हाळ्यात तव्यासारखा तापलेला काळा जांभा. मी पहिल्याच निबंधात लिहिलं, 'वसतिगृहाच्या मागे ओसाड कातळ आहे.' बाईंनी वर्ग सुटल्यावर मला थांबवलं, छत्री हातात दिली आणि म्हणाल्या, "चल, दाखव मला कुठे ओसाड आहे ते."

कातळाच्या कडेला आल्यावर त्यांनी गमबूट काढले. मलाही चपला काढायला लावल्या. "बघून पाय टाक. उघड्या दगडावरच." मग एका जागी मला बसवलं. "दहा मिनिटं बस. मग सांग."

पाऊस नुकता थांबला होता. पहिली दोन-तीन मिनिटं मला माझे भिजलेले कपडेच जाणवत होते. मग कातळाच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात काहीतरी हललं. नखाएवढे बेडूक. शेजारच्या फटीत बोटभर मातीत पांढरी फुलं उभी होती. लांब दांड्यावर, खाली माना घातलेली. मी मान वर केली तर लांबपर्यंत तीच. आल्यापासून ती माझ्या समोरच होती आणि मला दिसली नव्हती.

"दीपकाडी," बाई म्हणाल्या. "आपल्या ह्या कोकणातल्या सड्यांवरच येत्ये. थोडे दिवस फुलायचं आणि मग वर्षभर जमिनीखाली कांदा होऊन पडून राहायचं. गणपतीच्या सुमाराला ये, मग हा सगळा सडा निळा झालेला असेल. ती सीतेची आसवं. मग पिवळा होईल. नंतर गवत, मग काहीच नाही." जरा थांबून म्हणाल्या, "काहीच नाही म्हणजे आपल्याला काहीच दिसत नाही. म्हणून ओसाड म्हणायचं नाही."

मी गणपतीला घरी न जाता सड्यावर गेले. घरचे रागावले. पण सडा खरंच निळा झाला होता.

आता आमच्या आवाराच्या संचालक सरांबद्दल. ते वाईट नव्हते, हे आधी सांगायला हवं. ते घाटावरचे, दुष्काळी भागातले. त्यांच्या गावच्या टेकडीवर माणसांनी खांद्यावरून पाणी नेऊन झाडं जगवलेली. त्या वर्षी मार्चमध्ये ते आमच्याकडे आले आणि आल्या आल्या तो उघडा सडा त्यांच्या डोळ्यांत खुपला. पावसाळ्यात एक समिती आवार बघायला यायची होती. परिसर किती हिरवा आहे याचे तिच्याकडे गुण होते. सरांनी ठरवलं की सड्यावर मशिननं खड्डे मारायचे, बाहेरून लाल माती आणून भरायची आणि जुलैत पाचशे रोपं लावायची. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई सभेत उठून उभ्या राहिल्या.

"सर, झाडं लावूया. पण सड्यावर नको. आवाराच्या त्या टोकाला जुनी चिरेखाण आहे, रस्त्यासाठी कापलेली दरड आहे. तिथे लावूया. तिथे लागतील आणि जगतील."

"चिरेखाण कोण बघायला जाणार आहे, बाई? सडा गेटातनं दिसतो."

"म्हणजे झाड कुठे जगेल ते बघायचं नाही. कुठनं दिसेल ते बघायचं."

सभागृहात कुणीतरी हसलं. सर लाल झाले. "बाई, आमच्याकडे एका झाडासाठी म्हाताऱ्या बायका कळशीनं पाणी घालतात. आणि तुम्ही पर्यावरण शिकवता आणि झाड नको म्हणता? काय आहे त्या माळावर?"

हाच खरा अडथळा होता. एप्रिल संपत आलेला. बाईंनी काय दाखवायचं? सडा काळा ठणठणीत पडलेला. त्या एवढंच म्हणाल्या, "आत्ता ते सगळं खाली आहे, सर." आणि ह्या वाक्यावर सगळेच हसले.

बाईंनी लेखी अर्ज दिला. मग सरांनी मला बोलावलं. मी आमच्या हरित मंडळाची चिटणीस होते. "विद्यार्थ्यांचं म्हणणंही कळायला हवं," ते म्हणाले. "तू चार ओळी लिही, सह्या घे." बस्स, एवढंच. धमकी नाही, आमिष नाही. पण लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत उन्हाळ्यात काम शिकायला जायचं माझं ठरत होतं आणि त्यासाठी सरांचं पत्र लागणार होतं. ते पत्राबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र त्यांच्या टेबलावर दुसरं काही दिसतच नव्हतं. घरात शिकून नोकरीला लागणारी पहिली मुलगी मी होणार होते. मी चार ओळींऐवजी पानभर लिहिलं आणि खाली पहिली सही केली.

दोन दिवसांनी बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. "अर्ज वाचला मी. छान लिहिलायस. 'ओसाड' तीनदा आलंय त्यात."

मी खाली बघत उभी राहिले.

"तुला वाटतं ते ओसाड आहे असं?"

"नाही."

"मग?"

 पत्राचं सांगावं असं अगदी ओठावर आलं होतं. बाईंनी क्षणभर वाट बघितली आणि म्हणाल्या, "बरं. जा, जेवायची वेळ झाल्ये. काकी बंद करतील." त्या ओरडल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्या दिवशी माझ्या ताटातलं सगळं पिंपात गेलं.

मेच्या मध्यावर सकाळी मशिन आलं. आम्ही काही जणी गॅलरीतून बघत होतो. सड्याच्या मधोमध बाई छत्री उघडून बसल्या होत्या. घोषणा नाही, फलक नाही, नुसत्या बसलेल्या. मशिनचा चालक खेडचा होता, चाळिशीचा. तो खाली उतरून त्यांच्याकडे गेला आणि तिथेच थांबला. काय बोलतायत ते ऐकू येत नव्हतं, म्हणून मी खाली धावले.

बाईंपासून दहा-बारा पावलांवर टिटवी बसली होती. चालक पुढे झाला तशी ती ओरडत त्याच्या डोक्यावरून गेली. तिच्या जागी कातळावर चार अंडी होती. दगडाच्याच रंगाची, दगडावरच ठेवलेली. ना काडी, ना घरटं.

"माज्या चाकाखाली आली असती," चालक म्हणाला. त्यानं कानाला हात लावला. "बाई, मी नाय चालवत. सायबांना बलवा."

सर आले. मागोमाग ऑफिसातले दोघे-तिघे. "बाई, हा काय प्रकार आहे? तुम्ही उठा आधी."

"उठत्ये, सर. एकच विनंती आहे. दहा मिनिटं इथे बसा. मग तुम्ही म्हणाल तसं."

मला वाटलं आता काहीतरी भयंकर होणार. सरांनी घड्याळ बघितलं, चालकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग काय वाटलं कोण जाणे, ते खरंच खाली बसले. पॅन्टची इस्त्री सांभाळत, तापलेल्या कातळावर. बाईंनी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि स्वतः उन्हात राहिल्या. आम्ही सगळे मागे सरलो.

टिटवी बराच वेळ घिरट्या घालत होती. मग कुठल्याशा डबक्याकडे जाऊन आली. ती अंड्यांपाशी उतरली तेव्हा तिचं पोट भिजलेलं होतं. ती त्या ओल्या पोटानं अंड्यांवर सावली धरून उभी राहिली, पाय जरासे वाकवून. बसली नाही, नुसती उभी.

"हे काय करतेय ती?" सरांनी हळू आवाजात विचारलं.

"अंडी भाजू नयेत म्हणून गार करत्ये."

सरांनी पुन्हा घड्याळ बघितलं नाही. दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. शेवटी ते उठले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "मागचा भाग सोडा. वसतिगृहाकडचा सगळा. गेटाकडचं मात्र मला करायला लागेल, बाई. मी वर कळवून बसलोय."

बाई उठल्या. दुपारी गेटाकडून कातळ फोडल्याचा आवाज यायला लागला. संध्याकाळी बाई घरी जाईपर्यंत तो चालूच होता.

जूनमध्ये बाईंना तासिका मिळाल्या नाहीत. त्याचं कारण कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पर्यावरणाच्या तासाला एक नवे सर आले. पंखा सुरू झाला. मला लोट्याला जायचं पत्र मिळालं होतं, मी जाऊनही आले होते.

जुलैत रोपं लावायचा कार्यक्रम झाला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मंडप, पाहुणे, फोटो. भाषणं चालू असताना मला लांबून छत्री दिसली. बाई आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मला वाटलं, त्या आता पुन्हा काहीतरी बोलणार. पण त्या सरळ खड्ड्यांच्या रांगेकडे गेल्या आणि वाकल्या. फोटो काढून झाले तशी मुलं हात धुवायला पळाली होती. निम्म्या जणांनी रोपं प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात ठेवून वर माती लोटली होती. बाई एकेक रोप उपसून, ब्लेडनं पिशवी कापून, मुळं मोकळी करून पुन्हा लावत होत्या. कोपरापर्यंत लाल चिखल.

मी माइक ठेवला आणि त्यांच्याकडे गेले. "बाई, तुम्हाला तर ही झाडं इथे नको होती."

"मला नको होती. त्यात रोपाचा काय दोष?" त्यांनी दुसरं ब्लेड माझ्याकडे दिलं. "तू त्या टोकानं ये."

आम्ही संध्याकाळपर्यंत लावत होतो. सहीबद्दल त्या बोलल्या नाहीत, आणि माझ्यानं विषय काढवला नाही. त्या पावसात कातळातल्या खड्ड्यांची हौदासारखी डबकी झाली, निम्मी रोपं कुजली. उरलेली पुढच्या मार्चमध्ये वाळली. गेटाकडचा सडा आता ना झाडांचा राहिलाय ना फुलांचा. वसतिगृहाकडचा मात्र तसाच आहे, आणि दर जुलैत तिथे दीपकाडी येते.

ह्याला सात वर्षं झाली. मी लोट्यालाच एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. पाण्याचे नमुने तपासते. गेल्या मे महिन्यात सुट्टी काढून घरी मंडणगडला निघाले होते. खेडच्या एसटी स्टँडवर गर्दीत आधी गमबूट दिसले, मग बाई. केस पूर्ण पांढरे. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"कुठे, मंडणगडला? मीही तिकडेच चालल्ये." आम्ही शेजारी बसलो. गाडी घाट चढायला लागली आणि मी सात वर्षं गिळून ठेवलेलं सगळं बोलून टाकलं. अर्ज, सही, पत्र. बोलताना मी समोरच्या सीटकडे बघत होते.

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. मधे उतरावं लागेल. घरी उशीर झाला तर चालेल ना?"

आमच्या गावाच्या एक थांबा अलीकडे आम्ही उतरलो आणि वरच्या अंगाला चालायला लागलो. ती वाट माझ्या पायाखालची होती. वर आमच्या वाडीचं रान होतं. आई तिथून लाकडं आणायची. मी लहानपणी तिच्यामागून त्या रानात फिरले होते. सावली, कोयत्यासारखी लांब पानं, पावलाखाली वाजणारा पाचोळा. जग झालं तेव्हापासून ते रान तिथेच असणार, अशी माझी समजूत होती.

बाई रानाच्या तोंडाशी थांबल्या. "हे मी लावलंय," त्या म्हणाल्या.

"हे रान?"

"एका संस्थेत होते मी. पंचविशीची असेन. सगळा सडा होता हा. परदेशी अकेशियाची रोपं आणली, खड्डे मारले, तीन पावसाळे इथे राबले. गावानं सत्कार केला माझा. पेपरात फोटो आला होता. हे बघून या, असं लोकांना सांगायचे मी तेव्हा."

"आमच्या आईनं जन्मभर इथली लाकडं जाळली, बाई."

"हो. तेही खरंच आहे. ते मी खोटं म्हणणार नाही."

"आधी इथे काय होतं?"

 बाईंनी छत्री मिटली. "तेच मला माहीत नाही. मी बघितलंच नव्हतं. मी आले ती खड्डे मारायलाच आले."

रानाच्या कडेला एक झाड कधीतरी उन्मळून पडलं होतं. तेवढ्या जागेत ऊन खाली उतरत होतं. बाईंनी पिशवीतून लहानसं दाताळं काढलं, पदर खोचला आणि खाली बसून पाचोळा ओढायला लागल्या. थराखाली थर होते, कुजत नाही तो पाला. त्या दर मे महिन्यात इथे येत असाव्यात; कधीपासून, हे मी विचारलं नाही. पडलेल्या झाडाच्या एका अंगाला खोलीएवढा कातळ आधीच मोकळा केलेला दिसत होता.

"आलं का काही?" मी विचारलं.

"गवत आलं. दोन वर्षांपूर्वी तेरडा आला होता. एक."

"दीपकाडी?"

"नाही."

खाली वाडीत आई माझी वाट बघत असणार होती. एका घरातून चुलीचा धूर वर येत होता, बहुतेक ह्याच रानातल्या लाकडांचा. मी पर्स झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि दुसऱ्या बाजूनं, हातानंच, पाचोळा ओढायला लागले.